कावळ्यांची शिकार: जागा कशी शोधायची, जमीनमालकाची परवानगी कशी मिळवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, बंदुकीची आवड लागलेल्या आणि हरणाच्या शिकारीसाठी जमीन मिळत नाही म्हणून वैतागलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न येत राहतात. हरणासाठी जमीन मिळणं खरोखरच अवघड झालंय. कावळ्यासाठी मात्र ती अजूनही मिळते, फक्त मागायची रीत माहीत हवी.

हे सगळं भारतात चालेल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साधा कावळा पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, म्हणजे उपद्रवी म्हणून मारायची ती मोकळीकही गेली. 'कावळा मारला तर कोण विचारतंय' हे लहानपणी ऐकलेलं वाक्य घेऊन सुट्टीत गावी छर्ऱ्याची बंदूक काढू नका. इथून पुढचं सगळं अमेरिकेबद्दल आहे.

अमेरिकेत कावळा मारणं कायदेशीर आहे?

आहे, पण मोकाट नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा तिथला केंद्रीय कायदा १९१८ चा. मेक्सिकोबरोबरच्या करारात १९७२ साली बदल झाला, तेव्हा कावळ्याचं कुटुंब त्या संरक्षणाखाली आलं. त्यामुळे हंगाम ठरवायचा तो राज्यांनी, पण केंद्राच्या चौकटीत राहून: वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवस, आणि घरटी करण्याच्या ऐन काळात शिकार नाही. हत्यार बंदूक किंवा धनुष्यबाण, नाहीतर पाळलेला ससाणा. विमानातून मारायला बंदी आहे. हवाईमध्ये कावळ्याची शिकारच नाही, कारण तिथला स्थानिक कावळा नामशेष होण्याच्या काठावर आहे.

१२४ दिवसांचा हिशोब प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने जुळवतं. कॅन्ससचा हंगाम साधारण १० नोव्हेंबर ते १० मार्च असा सलग असतो. न्यूयॉर्कने सप्टेंबर ते मार्च असा लांब काळ घेतला, पण आठवड्यातून शुक्रवार ते सोमवार एवढेच दिवस ठेवले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात शुक्रवार, शनिवार, रविवार. राज्याच्या शिकार खात्याचं त्या वर्षाचं पत्रक वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका, कारण तारखा आणि वार बदलतात.

आणखी एक. रेव्हन हा कावळा नव्हे, आणि त्याला हा हंगाम लागू नाही. अंगाने तो बराच मोठा, उडताना शेपूट पाचरीसारखी टोकदार दिसते, आवाज घोगरा. डोंगराळ भागात दोन्ही एकत्र दिसतात. खात्री नसेल तर घोडा दाबायचा नाही.

मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक हातात घेता येते का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा, पण बहुतेक जण बंदूक बघायला दुकानात गेल्यावर विचारतात. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तिला अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. म्हणजे आधी शिकारी-शिक्षणाचा कोर्स, मग परवाना, मग बंदूक. मित्राची बंदूक 'जरा धरून बघतो' म्हणणंसुद्धा बाळगण्यातच मोडतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे कपाटात बंदूक ठेवणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. व्हिसाचं प्रकरण अर्धवट असेल, तर शंभर डॉलरच्या बंदुकीपायी ते धोक्यात घालण्याआधी वकिलाशी बोला.

जागा शोधायला सुरुवात कुठून करायची?

कावळ्यापासून. नकाशापासून नाही.

नवा माणूस आधी ओळखीचं शेत मिळवतो आणि मग तिथे कावळे येण्याची वाट बघत बसतो. उलट करा. आधी कावळे कुठून कुठे जातात ते बघा, मग त्या वाटेखाली कुणाची जमीन आहे ते शोधा, आणि मग त्या माणसाच्या दारात जा.

हिवाळ्यात अमेरिकेतले कावळे रात्री मोठ्या थव्यांनी एकत्र झोपतात. या रातथाऱ्यांवर काही हजारांपासून काही लाखांपर्यंत पक्षी असतात. ओक्लाहोमातल्या फोर्ट कॉबचा रातथारा शिकाऱ्यांमध्ये पिढ्यान्पिढ्या प्रसिद्ध आहे. हल्ली पुष्कळ रातथारे शहरांत आले आहेत: न्यूयॉर्क राज्यातलं ऑबर्न, पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर, इंडियानातलं टेर होट. शहरात ऊब असते आणि दिव्यांच्या उजेडात शिंगवालं मोठं घुबड लांबून दिसतं. हे घुबड कावळ्याचा रात्रीचा वैरी. शिवाय शहरात बंदुका चालत नाहीत, हेही कावळ्याच्या पथ्यावर पडतं.

शहरातल्या रातथाऱ्याचा तुम्हाला गोळी झाडायला उपयोग शून्य, पण माग काढायला तो फार मोलाचा. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी गाडी घेऊन गावाबाहेर पडा. एखाद्या उंचवट्यावर किंवा मोकळ्या चौरस्त्याला थांबा. चार-पाच, मग वीस, मग एका रांगेत शेकडो कावळे एकाच दिशेने जाताना दिसतील. ती रांग कुठल्या झाडांच्या ओळीवरून, कुठल्या ओढ्यावरून जाते ते टिपून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच रांगेखाली पाच-सात मैल मागे सरका. असं मागे सरकत गेलात की ते दिवसभर जिथे चरतात ते शेत सापडतं. सकाळी हाच प्रवास उलटा असतो, फक्त पहाटे निघताना ते जास्त विखुरतात. म्हणून पाळतीला संध्याकाळ चांगली.

वारा जोराचा असेल तर रांग खाली उतरते आणि बाजूला सरकते. एका संध्याकाळवरून निष्कर्ष काढू नका.

कोणत्या शेतांवर नजर ठेवायची?

ते महिन्यावर आहे. वसंतात मका उगवून बोटभर आला की कावळा कोंब उपटतो आणि खालचा दाणा खातो. शेतकरी सगळ्यांत जास्त चिडतो तो तेव्हा, पण नेमका तोच घरट्यांचा काळ आणि बहुतेक राज्यांत हंगाम बंद. पानगळीत जॉर्जिया, टेक्सास, ओक्लाहोमातल्या पेकानच्या बागा. पेकान हा अक्रोडाच्या जातीचा, पातळ सालीचा मेवा. कावळा तो चोचीत धरून सरळ उडून जातो, आणि एक थवा दिवसात किती नेतो हे बागवाल्यालाच विचारा. दक्षिणेत भुईमूग काढल्यानंतरची रानं आहेतच.

बर्फ पडला की सगळा हिशोब बदलतो. अशा वेळी गुरांच्या छावण्या आणि दुधाचे गोठे बघा, कारण तिथे खाद्य सांडलेलं असतं. त्याहून चांगली जागा म्हणजे ज्या शेतात नुकतंच शेणखत पसरलंय ते शेत. पांढऱ्या रानात काळा पट्टा लांबून दिसतो आणि त्यात न पचलेला मका असतो. खत पसरणारं यंत्र शेतातून बाहेर पडतं न पडतं तोच कावळे उतरायला लागतात.

कचरा डेपोवर कावळे नेहमीच असतात. तो नाद सोडा, तिथे कुणी आत घेत नाही. डेपो आणि रातथारा यांच्या मधली शेतं मात्र बघून ठेवा.

सरळ रातथाऱ्यावरच बसलं तर?

एक संध्याकाळ भरपूर मिळेल आणि त्या हंगामाचं वाटोळं होईल. हजारो पक्षी रात्रीच्या अंधारात उठतात आणि दुसरीकडे बस्तान हलवतात. मग तुम्ही पाळत ठेवून शोधलेल्या सगळ्या वाटा फुकट. शिवाय मावळतीनंतर गोळी झाडणं बहुतेक ठिकाणी बेकायदाच.

जुन्या काळी सरकारंच रातथारे स्फोटकांनी उडवत. इलिनॉयमध्ये रॉकफर्डजवळ १९४० साली डायनामाइट लावून तीन लाखांहून जास्त कावळे मारल्याचं वाचायला मिळतं. तो काळ गेला, आणि गेला ते बरंच झालं. रातथाऱ्यापासून मैल-दोन मैल दूर, येण्या-जाण्याच्या वाटेवर बसा. पक्षी कमी मिळतील, पण जागा टिकेल.

एक चांगलं शेत मिळालं. आता पुरे ना?

पुरत नाही. कावळ्याच्या शिकारीचं वेगळेपण इथेच आहे. हरणवाल्याला एक जमीन वर्षानुवर्षं पुरते. कावळा मात्र शिकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुखवटे घालून सिएटलच्या आवारात कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करत, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील होत. असा पक्षी एकाच बांधावर फसवायला मांडलेला तोच खोटा कावळा बघून आणि कावळ्याची तीच नकली हाक पुन्हा ऐकून येईल, ही आशा करू नका.

म्हणून एका जागी एकदा बसलात की दोन-तीन आठवडे तिकडे फिरकायचं नाही. याचा अर्थ आठ-दहा जागा हाताशी हव्यात, म्हणजे आठ-दहा जमीनमालक. कावळ्याच्या शिकाऱ्याची निम्मी मेहनत लोकांच्या दारात उभं राहण्यात जाते. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्याने हा छंद धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ही जमीन कुणाची, हे कसं शोधायचं?

अमेरिकेत सातबाऱ्याला जवळची गोष्ट म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कर-आकारणी कार्यालयातली नोंद. बहुतेक काउंट्यांनी ती नकाशासकट इंटरनेटवर टाकली आहे. तुकड्यावर टिचकी मारली की मालकाचं नाव आणि टपालाचा पत्ता दिसतो. मध्य-पश्चिमेत काउंटीची जमीन-मालकांच्या नकाशांची पुस्तिकाही विकत मिळते. तिथली जमीन एक मैल गुणिले एक मैल अशा ६४० एकरांच्या चौकटीत मोजलेली असल्यामुळे वाचायला सोपी जाते. मोबाइलवरची शिकारीसाठीची नकाशा-ॲप्स हीच माहिती दाखवतात. रेंज नसलेल्या भागात जायच्या आधी नकाशा उतरवून घ्या.

पण नोंदीतला माणूस आणि शेतात दिसणारा माणूस एकच असेल असं नाही. अमेरिकेतली सुमारे ४० टक्के शेतजमीन खंडाने दिलेली आहे. मालकीण म्हणजे फ्लोरिडात राहणाऱ्या आजी, कसणारा दुसराच, आणि शिकारीचा हक्क तिसऱ्याच हरणवाल्याला भाड्याने दिलेला, असं सर्रास असतं. परवानगी द्यायचा अधिकार कुणाला आहे हे पहिल्याच भेटीत विचारा. कसणाऱ्याने हो म्हटलं तरी मालकाला एक फोन करायची तयारी ठेवा, आणि मालकाने हो म्हटलं तरी कसणाऱ्याला न भेटता शेतात पाय टाकू नका. तुमच्या गाडीच्या चाकाखाली त्याचा गहू असतो.

नोंदीत कंपनीचं किंवा ट्रस्टचं नाव निघालं तर जवळच्या धान्य-खाद्याच्या दुकानात विचारा. काउंटरवरच्या माणसाला पंचक्रोशीतली सगळी नाती ठाऊक असतात. 'कावळ्यांनी कुणाला भंडावलंय का हो इथे?' एवढं विचारलं तरी दोन-तीन नावं मिळतात.

पाटी नाही, कुंपण नाही. मग शिरलं तर काय बिघडलं?

राज्याराज्यात फरक आहे. नॉर्थ डकोटात पाटी न लावलेल्या जमिनीवर शिकारीसाठी जाता येतं, पण आता मालक आपली जमीन ऑनलाइनही बंद करू शकतो. तेव्हा पाटी दिसत नाही म्हणजे मोकळी आहे असं तिथेही राहिलेलं नाही. बाकी बहुतेक ठिकाणी पाटी नसणं ही परवानगी नव्हे.

झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ते पाटीच्या बरोबरीचे. मिसूरीत १९९३ पासून, टेक्सासमध्ये १९९७ पासून, पेनसिल्व्हेनियात २०२० पासून, आणि इतरही बऱ्याच राज्यांत. कॅन्ससमध्ये जांभळ्या रंगाचा अर्थ लेखी परवानगीशिवाय शिकार नाही. नव्या माणसाला वाटतं, झाडं तोडायची खूण असेल.

माझा नियम एकच आहे: कायदा काहीही म्हणो, विचारल्याशिवाय शिरायचं नाही.

दारात जायचं कधी आणि कसं?

हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी. पेरणी आणि कापणीच्या धांदलीत अजिबात नाही. तेव्हा शेतकरी कम्बाइनवर असतो आणि त्याला थांबवणारा माणूस त्याला आवडत नाही. रविवारी सकाळी चर्चची वेळ असते आणि संध्याकाळी सहाला जेवणाची. शनिवारी सकाळी दहा-अकरा किंवा आठवड्यातली दुपार बरी.

शिकारीचे कपडे घालून जाऊ नका. बंदूक गाडीतसुद्धा नको. चार मित्रांचा घोळका नेऊ नका, एकटे जा किंवा फार तर मुलाला सोबत घ्या. गाडी अंगणातल्या रस्त्यात आडवी लावू नका. कुत्रं भुंकत आलं तर गाडीतच बसा, कुणीतरी बाहेर येतंच. दार ठोठावून झालं की दोन पावलं मागे सरका, म्हणजे दार उघडणाऱ्याला तुम्ही पूर्ण दिसता. टोपी काढा, गॉगल काढा.

मग थोडक्यात बोला. नाव काय, राहता कुठे, काम काय करता. नंतर लगेच: 'तुमच्या पूर्वेकडच्या रानावर रोज दुपारी कावळे उतरताना बघतोय. मला फक्त कावळ्यांची शिकार करायची आहे. हरीण नाही, टर्की नाही.' हे 'फक्त' फार महत्त्वाचं. त्याच्या मनात पहिला संशय हाच असतो की कावळ्याचं नाव सांगून हा माझ्या हरणांची जागा हेरणार. किती जण येणार, कुठल्या दिवशी, गाडी कुठे लावणार, किती वेळ बसणार, हे त्याने विचारायच्या आधी सांगा. 'कुठल्या भागात जाऊ नको?' असं आपणहून विचारलंत की त्याला कळतं, माणूस समजूतदार आहे.

एक छोटं कार्ड छापून घ्या: नाव, फोन, गाडीचा नंबर आणि रंग. लगेच उत्तर मागू नका. 'विचार करा, मी पुढच्या आठवड्यात फोन करतो' म्हणून निघा.

आमचा चेहरा, आमचे उच्चार... लोक दारात उभं करतील का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहितो. ग्रामीण भागात अनोळखी माणूस दारात आला की तो कुणीही असो, सावधपणा असतोच. आपल्याबाबतीत तो जरा जास्त असतो. काही दारं बंदच राहतील, काही ठिकाणी पडदा हलेल आणि कुणी येणार नाही. पण बहुतेक शेतकऱ्यांना दोन गोष्टी कळल्या की चेहरा सैल पडतो: तुम्ही जवळपासच राहता, आणि तुम्हाला शेतीतलं काही कळतं. ज्याचे आजोबा-वडील शेती करत होते त्याने ते जरूर सांगावं. कपाशी, ऊस, ज्वारी, विहिरीचं पाणी या विषयांवर कॅन्ससचा शेतकरी तासभर बोलू शकतो, आणि मका किती पाण्यावर येतो यावरून तुम्हाला जोखतोही.

पहिल्या एक-दोन वेळा तिथल्या ओळखीच्या माणसाला सोबत न्या: सहकारी, शेजारी, नेमबाजीच्या क्लबातला कुणी. आणि शिकारीच्या दिवशी काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला आधीच फोन करून ठेवा की अमुक रस्त्यालगत, अमुक मालकाच्या परवानगीने, अमुक रंगाची गाडी उभी असेल. अनुभवी गोरे शिकारीही हे करतात. गोळ्यांचा आवाज ऐकून शेजाऱ्याने तक्रार केलीच, तर तिकडून येणाऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही कोण ते आधीच माहीत असतं.

कावळा म्हटल्यावर शेतकरी खरंच लगेच हो म्हणतो?

हरणापेक्षा कितीतरी लवकर. हरणासाठी लोक एकरी भाडं मोजतात. कावळ्यासाठी कुणी मोजत नाही, आणि शेतकऱ्याच्या लेखी कावळा म्हणजे नुकसान. पेकानवाला तर कधी कधी वाक्य पूर्ण व्हायच्या आतच हो म्हणतो.

जिथे अडतं तिथे कारण बहुधा कावळा नसतोच. हरणाचा हंगाम चालू आहे आणि ज्याला जमीन भाड्याने दिली तो आवाजाने रागावेल. गाई व्यायला आल्या आहेत. शेजारणीला गोळ्यांचा आवाज सहन होत नाही. अशा वेळी वाद न घालता वेळ बदला. 'हरणाचा हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत येऊ का?' याला पुष्कळदा हो मिळतं, आणि ते महिने कावळ्यासाठी तसेही उत्तम.

'तुमचे कावळे संपवतो' असं मात्र कधीही सांगू नका. संपत नाहीत. तुम्ही फार तर थवा आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात हुसकावता. मोठी वचनं देणाऱ्याला शेतकरी पुढच्या वर्षी ओळख देत नाही.

परवानगी लेखी हवी का?

ओहायोत खासगी जमिनीवर शिकारीसाठी लेखी परवानगी जवळ बाळगणं कायद्यानेच सक्तीचं आहे. इतर अनेक राज्यांत तोंडी चालते. तरी लेखी घ्या. राज्याच्या शिकार खात्याचा छापील नमुना असेल तर उत्तम, नसेल तर साधा कागद: तारीख, जमिनीचं वर्णन, कोणासाठी, कशासाठी, कधीपासून कधीपर्यंत, सही. खाली दोघांचे फोन नंबर.

कागद बघून काही शेतकरी बिचकतात. 'उद्या तू माझ्या शेतात पाय मोडून घेतलास आणि माझ्यावर दावा लावलास तर?' ही त्यांची खरी भीती असते. तिला उत्तर आहे. करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाला अशा दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहेत. आपल्या राज्याच्या कायद्याचं पान छापून खिशात ठेवा आणि मागितलं तरच दाखवा.

मग पैसे देऊ केले तर काम लवकर होईल?

उलट बिघडेल. मालकाने शुल्क घेतलं की बहुतेक राज्यांत ते संरक्षण कमी होतं किंवा जातंच. रोख रकमेऐवजी हात लावा: कुंपणाची तार ओढायला, वादळानंतर पडलेल्या फांद्या उचलायला. दिवाळीत फराळाचा डबा नेऊन द्या. चकली कुठल्याही बिअरबरोबर खपते, अनारशाचं मात्र समजावून सांगावं लागतं.

परवानगी मिळाली. आता काय सांभाळायचं?

दरवाजा. उघडा होता तर उघडा, बंद होता तर बंद. गुरं रस्त्यावर गेली तर त्या शेतकऱ्याची परवानगी गेलीच, आसपासच्या दहा जणांचीही गेली.

ओल्या रानात गाडी घालू नका, चाकांचे चर पीक निघेपर्यंत दिसत राहतात. घरं आणि गोठ्यांपासूनचं अंतर राज्याच्या नियमाप्रमाणे पाळा. पेनसिल्व्हेनियात राहत्या इमारतींभोवती १५० यार्ड हे सुरक्षा क्षेत्र असतं. कावळा वरून येतो, त्यामुळे छर्रे लांब जाऊन पडतात. ते कुणाच्या छपरावर किंवा गुरांच्या पाठीवर पडणार नाहीत ना, हे बसण्याची जागा ठरवतानाच बघा.

रिकामी काडतुसं एकूण एक उचला. शेतकरी ती मोजत नाही, पण एक जरी त्याच्या गवताच्या गठ्ठ्यात सापडलं तर विसरत नाही. मेलेले कावळे तिथेच टाकून येणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. कुत्री ते अंगणात आणून टाकतात. मालकाला विचारून पुरा, नाहीतर पिशवीत भरून घेऊन जा.

दर वेळी जाण्याआधी आदल्या रात्री एक मेसेज करा. परवानगी हंगामभराची असली तरी.

शेतकरी म्हणतो, 'माझं शेत आहे, वर्षभर मार.' मग?

शेत त्याचं, कावळा त्याचा नव्हे. हंगामाबाहेर कावळा मारण्याची वाट केंद्रीय नियमांत आहे, पण ती मुख्यतः पिकांचं गंभीर नुकसान प्रत्यक्ष करत असलेल्या पक्ष्यांसाठी. आधी हुसकावण्याचे दुसरे उपाय करून पाहायला हवेत, शॉटगन वापरली तर शिसं नसलेले छर्रे हवेत, आणि वर्षाअखेरीनंतर अहवाल द्यायचा असतो. राज्याचे नियम आणखी कडक असू शकतात. हे नुकसान-नियंत्रण झालं, शिकारीचा छंद नव्हे. दोन्हींची सरमिसळ करणारा माणूस स्वतःबरोबर शेतकऱ्यालाही अडचणीत आणतो.

पितृपक्षात ज्याला घास ठेवतो त्यालाच मारायचं?

ज्याचं मन घेत नाही त्याने मारू नये, एवढंच. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेले आपण सगळेच आहोत. काही मराठी शिकारी भाद्रपदाचा तो पंधरवडा बंदूक बाहेर काढत नाहीत, आणि बऱ्याच राज्यांत तेव्हा हंगाम सुरूही झालेला नसतो. हे शेतकऱ्याला सांगितलंत तर तो हसत नाही. उत्सुकतेने ऐकतो.

सरकारी जमिनीवर नाही का जमत?

कधी कधी. कॅन्ससमध्ये १९९५ पासून राज्य सरकार खासगी जमिनी भाड्याने घेऊन शिकाऱ्यांना पायी जायला खुल्या करतं. इतर काही राज्यांतही अशा योजना आहेत. पण त्यांच्या तारखा कावळ्याच्या हंगामाशी पूर्ण जुळतीलच असं नाही, आणि तिथे इतर शिकारी असतात. केंद्राच्या वन्यजीव अभयारण्यांत काय मारता येतं याची यादी प्रत्येकाची वेगळी, आणि पुष्कळ ठिकाणी तीत कावळा नसतो. पाळत शिकायला या जमिनी चांगल्या. भरवसा खासगी शेतावरच.

'नाही' म्हणाला तर?

आभार माना आणि निघा. कारण विचारू नका. कार्ड मात्र ठेवून या. मे महिन्यात कोंब उपटले गेले की ते कार्ड शोधलं जातं.

एकदा मिळालेली परवानगी किती दिवस चालते?

त्या हंगामापुरती. दर वर्षी पानगळीच्या आधी पुन्हा विचारा, मग मालक कितीही ओळखीचा असो. मधल्या काळात जमीन विकली गेलेली असते, कसणारा बदललेला असतो, वडील गेले आणि मुलाने हरणवाल्यांशी करार केला असं झालेलं असतं. जुना कागद दाखवून नव्या मालकाशी हुज्जत घालू नका, त्याला काही अर्थ नसतो. नव्या मालकाच्या दारात पुन्हा पहिल्यासारखे जा: टोपी काढून, दोन पावलं मागे उभे राहून, आणि 'फक्त कावळे' म्हणून.